टीव्हीवरचं लिनक्स

'आपोआप' हा शब्द कुणी कौतुकानं उच्चारला की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं. मागं उभं राहून कुणीतरी करत असतं, नाहीतर कुणाच्या तरी उरावर होत असतं. घरात स्वयंपाक आपोआप होतो, धुणं आपोआप वाळून घड्या होऊन कपाटात जाऊन बसतं, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं सगळं आपोआप खिडकीच्या मापाचं होतं. पहिल्या दोन्हीची मला सवय होती. तिसऱ्यानं मात्र माझी नोकरी घालवायचा चंग बांधला होता, आणि त्याच्याशी भांडता भांडता मी घरातल्या सगळ्यांशी भांडून घेतलं.

आमचं घर बेळगावजवळ पिरनवाडीत. आमचं म्हणजे सासऱ्यांचं, हे तिथं नांदायला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच समजतं. शेती आणि म्हशी गावाकडं, गुंजीला, तिथं एक लहानसं घर. इथं पिरनवाडीत स्लॅबचं घर, आणि नवरा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात. घरात सासू, सासरे, नवरा, लग्नाची नणंद आणि मी. माझं माहेर निपाणीच्या अलीकडं. वडिलांनी मला कॉम्प्युटरचं शिक्षण दिलं आणि लगेच लग्न लावून दिलं. जास्त दिवस ठेवलं तर शिक्षण नासेल असं त्यांना वाटलं असावं.

काही वर्षं घरात बसून काढल्यावर पुण्याच्या एका छोट्या कंपनीत मला घरून करायचं काम मिळालं. तीन महिने बघायचं, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. नाही जमलं तर काय, तेही घरात ठरून झालं होतं. गुंजीला घरचं माणूस पाहिजे, गडी ऐकत नाहीत, म्हशींचं बघायला कुणी नाही. "पुण्याचं न्हाय झालं तर तू तिकडं जाऊन ऱ्हा," असं सासरे जेवता जेवता म्हणाले, आणि नवऱ्यानं मान हलवून आमटी मागितली. म्हशींवर माझा राग नाही. पण तिथं गेले असते तर कॉम्प्युटरला पुन्हा हात लागला नसता, हे मला आमटी वाढता वाढताच कळलं. त्या दिवसापासून 'कायम' हा एकच शब्द माझ्या डोक्यात होता.

काम काय होतं ते सांगते. कंपनी कॉलेजच्या मुलांसाठी लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमचं डेस्कटॉप तयार करायची. ते चालायचं व्हर्च्युअल मशीनमध्ये. म्हणजे आपल्या लॅपटॉपवर एक खिडकी उघडायची आणि त्या खिडकीत आणखी एक आख्खा कॉम्प्युटर चालू करायचा, खोटाच पण खऱ्यासारखा वागणारा. बाहेरच्याला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट. त्या आतल्या कॉम्प्युटरवर मुलांचे धडे नीट चालतात का, बटणं जागच्या जागी आहेत का, हे मी दिवसभर तपासायची. या सगळ्यात कंपनीचा लाडका गुण म्हणजे ऑटो रिसाइझ. बाहेरची खिडकी मोठी केली की आतलं डेस्कटॉप आपोआप मोठं होणार, लहान केली की आपोआप लहान. काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही, जागा मिळेल तेवढ्यात अंग चोरून बसायचं. असली सून सगळ्यांनाच हवी असते.

माझ्या लॅपटॉपचा पडदा अर्धा मेलेला होता. नवऱ्यानं एकदा फोनला लावायला म्हणून माझ्या चार्जरची वायर ओढली, तिच्याबरोबर लॅपटॉप टेबलावरून खाली आला. त्या दिवसापासून उजवी बाजू काळी ठिक्कर. कायम झाल्यावर कंपनी नवीन लॅपटॉप देणार होती, तोवर जुन्यावरच भागवायचं होतं. नवरा पडद्याकडं बघून म्हणाला, "अर्धा तर दिसालाय की." मग माझं तोंड बघून तो कुठूनतरी एक वायर घेऊन आला आणि लॅपटॉप बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडून दिला. काम झालं. पुढचे पंधरा दिवस तो भेटेल त्याला सांगत होता, "बायकोला लई मोठा स्क्रीन दिलाय मी."

टीव्ही सासूबाईंचा. तसं कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, पण रिमोट त्यांच्या कमरेला पिशवीत असायचा, तेवढं पुरे. "तुझं काम हाय तवर वापर की, आमी काय खातोय काय टीव्ही," असं त्या मोठ्या मनानं म्हणाल्या. मी भिंतीला स्टूल लावून लॅपटॉप ठेवला, वर टीव्हीवर लिनक्सचं डेस्कटॉप पसरलं, आणि मला वाटलं, चला, आता सुरळीत होईल.

दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला आत गेले आणि परत येऊन बघते तर आतलं सगळं आक्रसून बसलेलं. खिडक्या एकीवर एक पडलेल्या, धड्याचं पान कोपऱ्यात दाबलेलं, बटणं पडद्याच्या बाहेर गेलेली. टीव्ही तेवढाच, डेस्कटॉपही परत मोठं झालेलं, पण आतल्या खिडक्या एकदा लहान झाल्या त्या झाल्याच. एकेक ओढून, ताणून जागेवर आणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मग रोजच. मी पुण्याला कळवलं. आमचे साहेब, म्हणजे मला काम देणारे तिथले वरिष्ठ, म्हणाले, "आमच्याकडे असं होत नाही." दुसऱ्यांदा कळवलं तर म्हणाले, "तुमच्याकडचं नेट बघा. बेळगावात लाइट वारंवार जाते का?" मी म्हटलं, लाइट पुण्यात जाते तेवढीच जाते. त्यावर ते हसले. मला हसू आलं नाही. ज्याला दोष दिसत नाही तो माणूस दोष सांगणाऱ्यालाच दोष समजतो, आणि माझे बघायचे दिवस चालू होते.

शेवटी मी पाळत ठेवली. पाणी प्यायला जाते असं दाखवून दाराआड उभी राहिले. सासूबाई आल्या, कमरेचा रिमोट काढला, बटण दाबलं, टीव्हीवर मालिकेतली बाई दिसली, जाहिरात लागलेली बघून त्यांनी पुन्हा बटण दाबून माझं लिनक्स होतं तसं आणून ठेवलं आणि रिमोट पिशवीत टाकला. सगळं एका दमात. आमच्या टीव्हीची खोड अशी, की तो मालिकेवर गेला की लॅपटॉपला वाटायचं वायरच उपटली. मग तो सगळं आपल्या त्या लहान, अर्ध्या मेलेल्या पडद्यावर ओढून आणायचा, आणि आतलं लिनक्स आज्ञाधारकपणे त्या मापाचं व्हायचं.

"आत्ती, तुम्ही रिमोट दाबलात?"

"कुठं दाबलंय? लागलंय का तेवढं बघितलं."

"मी काम करालेय की त्यावर."

"तुझं तसंच हाय की तिथं. काय खाल्लं काय कुणी?"

आणि खरंच, त्यांच्या दृष्टीनं सगळं तसंच होतं. मी पुण्याला सविस्तर लिहिलं. हा दोष तुमच्या ऑफिसात कधीच सापडणार नाही, कारण तिथं तपासणी करणाऱ्याच्या मागं सासू रिमोट घेऊन उभी नसते. पण ज्या मुलांसाठी आपण हे करतो त्यांच्या घरी टीव्हीही असतो आणि आईही असते. उत्तरात एक हसरा चेहरा आला आणि एक ओळ: घरच्यांना सांगा ना. ऑटो रिसाइझ बंद करून टाकू का विचारलं तर म्हणाले, छे छे, ते आपलं स्टँडर्ड सेटिंग आहे, त्याचा कुणाला त्रास होत नाही. तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय ते मला त्या ओळीनं कळलं.

घरच्यांना सांगून बघितलं होतंच. सांगितलं की सासूबाई म्हणायच्या, व्हय. सासरे म्हणायचे, व्हय. नवरा म्हणायचा, "अॅडजस्ट कर की गं थोडं." आणि दुपारी पुन्हा सगळं आक्रसलेलं. एकटी नणंद काही बोलायची नाही. तिला माझ्या कामाचं कौतुकही नव्हतं आणि अडचणही नव्हती. तिच्या लग्नाचं दोन वर्षं चाललं होतं आणि येईल त्या पाहुण्यापुढं साडी नेसून बसून ती वैतागली होती. आमचं फार सख्य होतं अशातला भाग नाही. बाथरूमवरून आम्ही रोज भांडायचो.

तीन महिने संपत आले. शेवटच्या शुक्रवारी दुपारी मला सगळे धडे त्या डेस्कटॉपवर चालवून पुण्यातल्या मोठ्या लोकांना दाखवायचे होते. ते तिकडून बघणार, प्रश्न विचारणार, आणि मग कायम की गुंजी ते ठरणार. मी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. शुक्रवारी दुपारी अर्धा-पाऊण तास टीव्हीला कुणी हात लावायचा नाही. सासूबाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, न्हाय लावत.

शुक्रवारी सकाळी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "आज पाहुणे येणार हाईत. चिकोडीकडचे. हिला बघायला."

"आज? कधी ठरलं?"

"झाले की चार दिवस."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगून काय करायचं? तुला बघायला येणार हाईत काय?" मग जरा मवाळ होऊन म्हणाल्या, "संध्याकाळी येतील ते. तुझं तवर उरकंल. न्हायतर तुझं ते पुढं ढकल."

मी नवऱ्याला कारखान्यात फोन लावला. मागं यंत्रांचा आवाज. "होतंय गं आपोआप सगळं," तो ओरडून म्हणाला आणि फोन ठेवला. आतल्या खोलीत नेट लागत नव्हतं, आणि अर्ध्या पडद्यावर मोठ्या लोकांना काही दाखवायची माझी हिंमत नव्हती. मी लॅपटॉप उघडला, त्या व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत वरच्या यादीत गेले, आणि ऑटो रिसाइझसमोरची खूण काढून टाकली. साहेबांना विचारलं नाही. आतल्या डेस्कटॉपला एक मोठं माप नेमून दिलं आणि मनात म्हटलं, आता बाहेर काय वाट्टेल ते होऊ दे, तू हलायचं नाहीस. यात एक तोटा होता, तो मला ठाऊक होता. बाहेरची खिडकी लहान झाली तर आतलं डेस्कटॉप मोठंच राहणार, पण मला त्याचा तुकडाच दिसणार. बाकीचं सरकवून सरकवून बघावं लागणार. बघणाऱ्यांना मात्र ते पूर्ण दिसणार, कारण त्यांच्याशी चाललेलं बोलणं आणि दाखवणं सगळं आतल्या कॉम्प्युटरमधूनच होणार होतं.

दुपारी सुरू झालं. मी कानाला हेडफोन लावून स्टुलासमोर बसले. तिकडं चार-पाच जण होते, साहेब मधे. पहिला धडा झाला, दुसरा झाला. माझा आवाजही कापत नव्हता. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. पाहुण्यांना कुणाची तरी गाडी मिळाली होती, म्हणून ते लवकर आले होते.

मुलगा, त्याची आई आणि मामा. सासूबाई लगबगीनं पुढं झाल्या, सासऱ्यांनी टोपी सारखी केली, या या, बसा बसा झालं. सोफा माझ्या पाठीमागं होता आणि त्यांच्या बरोबर समोर भिंतीवर माझं लिनक्स. आमच्याकडं पाहुणा घरात बसला आणि टीव्ही बंद राहिला तर तो अपमान समजतात. येणाऱ्यानं बघितला नाही तरी चालेल, पण लावला पाहिजे, आणि लावण्याआधी विचारला पाहिजे. सासूबाईंनी विचारलं, "कन्नड लावू की मराठी?" मुलाच्या आईनं संकोचून सांगितलं, "काय बी लावा की. कन्नडच लावा." मी मान वळवून सासूबाईंकडं बघितलं. वचन देताना छातीवर ठेवलेला तो हात आता पिशवीत होता.

बटण दाबलं गेलं. भिंतीवरचं माझं डेस्कटॉप गेलं आणि तिथं एक बाई कुणालातरी कन्नडमध्ये शाप द्यायला लागली.

लॅपटॉपच्या डाव्या अर्ध्या बाजूला धड्याचा एक तुकडा दिसत होता. उजवीकडं काळोख. मी कान टवकारून वाट बघत बसले, की आता तिकडून कुणीतरी म्हणेल, काय झालं, स्क्रीन हलली. साहेब म्हणाले, "हां, पुढचा धडा दाखवा." त्यांच्याकडं काही हललंच नव्हतं. मोठं, पूर्ण, जागच्या जागी.

मग मी त्या तुकड्यावर काम करायला लागले. पुढचं बटण उजवीकडं काळ्या भागात होतं. ते दिसण्यासाठी सगळं डावीकडं सरकवायचं, बटण दाबायचं, की धड्याचं नाव पडद्याबाहेर. मग परत उजवीकडं. तिकडून एकानं विचारलं, खाली कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवाल का? मी खाली सरकवून वाचलं. पाठीमागं मालिकेतली बाई रडत होती, मामा हसत होते, सासरे गुंजीच्या उसाबद्दल सांगत होते. बोलून झालं की मी माईक बंद करायची, विचारलं की चालू करायची. घामानं बोटं माऊसवरून घसरत होती.

आता यात आणखी एक गोम होती. मुलगी बघायला माणसं आली की पहिलं गूळ-पाणी घरच्या सुनेनं द्यायचं. जिला बघायला आलेत तिनं नंतर चहाचा ट्रे घेऊन यायचं, तोवर बाहेर तोंड दाखवायचं नाही. सून उठली नाही म्हणजे घराला वळण नाही. मुलाच्या आईनं माझ्या पाठीकडं बघत विचारलं, "ही सूनबाई काय?"

"व्हय, सूनच," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या खांद्याला मागून बोट लागलं. "पाणी आण की गं पाहुण्यास्नी."

मी माईक बंद असल्याची खात्री केली. "आत्ती, मी आत्ता उठणार नाही."

"दोन मिनिटं."

"नाही."

बोट पुन्हा लागलं, आता जोरात. सासरे खाकरले. कन्नड बाई सोडून सगळे गप्प झाले. तिकडून साहेबांनी प्रश्न विचारला, मी माईक लावून उत्तर द्यायला लागले आणि मला पाठ जळाल्यासारखी वाटत होती. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित उठले असते.

आतून पावलं आली. नणंद होती. साडी अर्धीच नेसलेली, केसांना पिना लावायच्या राहिलेल्या, हातात तांब्या आणि पेले. ती सोफ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी कामावर हाय. पाणी मी आणलंय, घ्या."

"अगं, तू कशाला भाईर आलीस?" सासूबाईंचा आवाज फाटला.

"मग काय त्यांनी तहानलेलं बसायचं?"

मुलाच्या आईनं पेला घेतला, तोंडाला न लावता खाली ठेवला, आणि म्हणाली, "बरं बरं." मुलानं मात्र पाणी पिलं. हे मला नंतर नणंदेनं सांगितलं, दोनदा.

माझं उरकलं तेव्हा पाहुणे निघून गेले होते. चहा झाला, पोहे झाले, पण बोलणी झालीच नाहीत. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. पोरगी लई बोलत्या, आणि सून उठत न्हाय. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं, म्हणजे थेट बोलणं सोडलं. भिंतीशी, भांड्यांशी आणि शेजारणीशी त्या भरपूर बोलत होत्या आणि ते सगळं मला ऐकू यावं अशा बेतानं. नवरा म्हणाला, "तुला एवढं बी अॅडजस्ट करता येत न्हाय?" मी त्याला म्हटलं, माझ्या आतलं ते बंद केलंय मी. त्याला काही कळलं नाही, आणि समजावून सांगायची माझी इच्छाही नव्हती.

नणंदेशी बोलायला मी गच्चीवर गेले. ती वाळलेले कपडे काढत होती, एकेक झटकून, माझ्या अंगावर पाण्याचे नसलेले थेंब उडावेत तशी.

"तू दोन मिनिटं उठली असतीस तर?" ती म्हणाली.

"माझं गेलं असतं."

"आणि माझं गेलं ते?"

मी म्हटलं, "मग माझी बाजू घेऊन बोललीस कशाला?"

"तुझी बाजू? तुझ्यासाठी न्हाय बोलले मी. त्या बाईच्या तोंडाकडं बघून राग आला मला. उद्या तिथं गेल्यावर मलाबी असंच बोट टोचणार, असं वाटलं." तिनं चादरीची घडी घातली. "पोरगा बरा होता गं पण. खाली मान घालून हसत होता."

मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. पण त्या दोन मिनिटांचं मला वाईट वाटत नव्हतं. ती पुन्हा मागितली तरी मी देणार नव्हते, आणि हे तिला कळत होतं, म्हणून ती माझ्याकडं बघत नव्हती. आम्ही उरलेले कपडे काढून खाली आणले.

सोमवारी संध्याकाळी पुण्याचा फोन आला. मी कणीक मळत होते, हात भरलेले. नणंदेनं फोन उचलून स्पीकरवर केला आणि माझ्यासमोर धरला. सगळे घरातच होते. सासरे पेपर घेऊन, सासूबाई लसूण सोलत, नवरा नुकताच कामावरून आलेला.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "तुम्हाला कायम करायचं ठरलंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात कणकेचे, पुसताही येईना.

"आणि डेमो उत्तम झाला," ते पुढं म्हणाले. "घरून काम करणाऱ्यांचं नेहमी काहीतरी होतं. मागं कुणी येतं, स्क्रीन हलते. तुमचं एकदाही काही हललं नाही. घरच्यांचा फार चांगला सपोर्ट दिसतोय तुम्हाला. त्यांना माझे धन्यवाद सांगा."

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवून घसा साफ केला. सासूबाईंनी पदर सारखा केला. नवरा तर पुढं वाकून फोनात बोललाच, "करतोय सर, आमच्या परीनं."

मी आयुष्यात पुष्कळ गिळलंय. ते मात्र गिळता आलं नाही. घशातच अडकलं आणि उलट बाहेर आलं.

"नाही, सर," मी म्हटलं. "सपोर्ट नव्हता. अर्ध्यातून माझा पडदा गेला होता. घरात पाहुणे बसले होते, त्यांच्यासाठी टीव्ही लावला आणि माझं काम भिंतीवरून काढलं. निम्मं मी अर्ध्या पडद्यावर, सरकवून सरकवून दाखवलंय. तुम्हाला हललेलं दिसलं नाही, कारण ते तुमचं 'आपोआप' मी न विचारता बंद केलं होतं. मला मागून बोट टोचून उठवत होते. मी उठले नाही, म्हणून कायम झाले."

नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं होतं. सासूबाईंच्या हातातली लसणीची पाकळी तशीच होती. मला वाटलं, गेली नोकरी, आलेली गेली, आता गुंजी. आणि तरी बरं वाटत होतं.

"पाणी मी दिलंय त्यास्नी," नणंद एकदम म्हणाली. फोन तिच्याच हातात होता, तिनं तो स्वतःच्या तोंडाजवळ नेला होता. "वैनी उठली न्हाय, मग मी दिलं. आणि ते बघायला मला आलते. ते बी मोडलं. तिची नोकरी झाली, माझं लगीन मोडलं. सपोर्ट कुणाचा ते सांगायचं असलं तर माझं नाव सांग की वैनी त्यास्नी."

"अगं," सासूबाई म्हणाल्या, एवढंच.

साहेबांनी विचारलं, "काय नाव त्यांचं?"

मी तिचं नाव सांगितलं, आडनावासकट. पहिल्यांदा त्यांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा म्हणाले, तेव्हा ते तिनंच सांगितलं.